रात्रीचा पोपट : काकापो

पोपट म्हटला कीं मराठी घरांत पिंजरा, हिरवी मिरची आणि पढविलेले चार शब्द आठवतात. न्यूझीलंडमधील काकापो या साऱ्या कल्पनांना धक्का देतो. हा रात्रीं हिंडतो, एकटा राहतो, आणि त्याला उडतां मुळींच येत नाहीं. माओरी भाषेंत ‘काका’ म्हणजे पोपट व ‘पो’ म्हणजे रात्र. मराठी कानाला गंमत वाटली तरी नांव अगदीं यथार्थ आहे.

जगांतील सर्व पोपटांत वजनानें हाच भारी. मोठा नर चार किलोपर्यंत भरतो. अंगाचा रंग शेवाळासारखा पिवळसर हिरवा, त्यावर काळसर व तपकिरी रेघा. चेहऱ्याभोंवतीं घुबडासारखें पिसांचें वर्तुळ. अंगाला मधासारखा, कांहींसा कुबट गंध येतो. पंखांचा उपयोग एवढाच कीं, झाडावरून खालीं येतांना तोल सांभाळावा. पाय मात्र दणकट. चढण्यांत हा पटाईत.

या गंधानेंच त्याचा घात केला. मनुष्य येण्यापूर्वीं त्या देशाच्या जंगलांत वटवाघळांखेरीज सस्तन प्राणी नव्हते. शत्रू म्हणजे गरुड आणि ससाणे, आणि ते नजरेनें शिकार करणारे. त्यांच्यापुढें काकापोची युक्ति एकच : जागच्या जागीं निश्चल राहणें. हिरव्या झुडुपांत हिरवा पक्षी दिसावा कसा? पण माओरींबरोबर कुत्रे व उंदीर आले. पुढें १९ व्या शतकांत युरोपीय वसाहतवाल्यांनीं मांजरें आणलीं, आणि सशांच्या बंदोबस्तासाठीं स्टोट हें मुंगसासारखें चपळ जनावरहि आणलें. यांतील बहुतेक जनावरें वासाच्या मागावर जातात. धोका जाणवतांच थिजून उभा राहणारा पक्षी त्यांना आयताच सांपडला.

१८९४ पासून रिचर्ड हेन्री या रखवालदारानें काकापो व किवी मिळून शेंकडों पक्षी होडींतून रेझोल्यूशन बेटावर नेले. थोड्याच वर्षांत स्टोट पोहून तेथेंहि पोंचलें!

संख्या भराभर वाढावी असें या पक्ष्याचें जीवनच नाहीं. नर टेकडीच्या माथ्यावर उथळ खळगा करून बसतो, छाती फुगवितो आणि रात्रीमागून रात्री ढोलासारखा खोल घुमतो. तो घुमार कोसावरूनहि ऐकूं येतो. मीलनानंतर त्याचें कर्तव्य संपतें. अंडीं उबविणें, पिलांना भरविणें हें सारें मादी एकटीच करते, तेंहि जमिनीवरील घरट्यांत. शिवाय रिमू वृक्षाला भरघोस फळें धरतील त्याच वर्षीं वीण होते, म्हणजे दोन ते चार वर्षांनीं एकदां.

१९७७ सालीं स्टुअर्ट बेटावर माद्यांसह एक वस्ती आढळली, म्हणून तर पुढची आशा उरली. तरीहि १९९५ मध्यें सारे मिळून ५१ पक्षी होते. उरलेले सर्व शत्रुरहित बेटांवर हलविण्यांत आले. प्रत्येकाला नांव दिलें, पाठीवर छोटा रेडिओ-प्रेषक बांधला. जादा अन्न दिलें, अंडीं यंत्रांत उबविलीं. जवळच्या नात्यांतील संकरामुळें पुष्कळ अंडीं निकामीच निघतात. २०१९ सालीं सत्तरांवर पिलें वाढलीं, पण त्याच वर्षीं बुरशीच्या रोगानें नऊ पक्षी दगावले. २०२२ मध्यें संख्या २५० च्या पुढें गेली.

२०२३ सालीं कांहीं नर मुख्य भूमीवरील मौंगाटौटारी येथील कुंपणबंद अरण्यांत सोडले. कुंपण उंदीर-स्टोट आंत येऊं नयेत म्हणून घातलेलें. पण कांहीं काकापोच त्याच्या पलीकडे सांपडले, व त्यांना शोधून आणावें लागलें.