बुरशीची ढेप आणि दुधाचा कायदा

पावसाळ्यात ढेपेचे पोते उघडले की पुष्कळदा कुबट वास येतो, हाताला ढेकळे लागतात. असा माल विकणाऱ्याकडून सरकार तो जप्त का करीत नाही?

कारण कायद्यातच आहे. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या जागी ५ ऑगस्ट २०११ पासून अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू झाला. त्यातील अन्नाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. किराणा दुकानातील किडका तांदूळ अन्न सुरक्षा अधिकारी जप्त करू शकतो. बाजूच्या दुकानातील बुरशीची ढेप त्याला अन्न म्हणून उचलता येत नाही.

आपल्या सीमेवरील बालाघाटात, तसेच मंडल्यात २०२० साली केंद्राच्या पथकाने तांदळाचे ३२ नमुने घेतले. तो माणसांना अयोग्य, शेळ्या-मेंढ्या व कोंबड्यांच्या खाद्याच्या प्रतीचा ठरला. रेशनवर जात होता म्हणून चौकशी लागली. तुटका, किडका दाणा खाद्यात चालतो हे खरे. बुरशीचे मात्र तसे नाही.

बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. गाईने ते खाल्ले की त्याचा अंश एक-दोन दिवसांतच दुधात उतरतो आणि दूध तापवूनही जात नाही. दूध हे अन्न आहे, त्यामुळे तेथे कायदा लागतो. मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम. २०१८ च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ पैकी ३६८ नमुने या मर्यादेपलीकडे गेले. कायदा शेतकऱ्याला शेतापुरता वगळतो, पण डेअरीने दूध परत केले तर तोटा ढेप विकणाऱ्याचा होत नाही, आपला होतो.

म्हणून बुरशीची ढेप उन्हात वाळवून चांगल्या मालात मिसळू नये. वाळवल्याने वास जातो, विष जात नाही. बदकांपुढेही टाकू नये; त्यांच्या पिल्लांना फार थोडी मात्रा पुरते. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. धानाचे तणस भिजले असल्यास पूर्ण वाळल्याशिवाय ढीग लावू नये व काळे पडलेले थर काढून टाकावेत.

खरेदीची पक्की पावती घ्यावी. माल खराब निघाल्यास पोत्यावरील लेबल व अर्धा किलो नमुना कोरड्या कापडी पिशवीत जपून पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावा. दुकानदाराने दाद न दिल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तेथे पावतीवाचून बाजू लंगडी पडते.