चोपड्यात उतरलेले अरण्य

कार्तिक शुद्ध पंचमीला आपल्या समाजात दोन नावे आहेत. पेढीवर ती लाभपंचमी. दिवाळीत पूजन केलेल्या नव्या वह्यांत त्या दिवशी व्यवहाराची नोंद सुरू होते. उपाश्रयात तीच ज्ञानपंचमी. पावसाळ्याची ओल धरलेले ग्रंथ ज्ञानभांडारातून बाहेर काढायचे, झटकायचे, बासने बदलायची आणि मग वंदन करायचे. दिगंबर परंपरेत हाच भाव ज्येष्ठातील श्रुतपंचमीला असतो. हिशेबाची वही आणि ज्ञानाचा ग्रंथ एकाच तिथीला हाती यावेत, यात आपल्या पूर्वजांची काही दृष्टी असावी, असे वाटते. कारण हिशेबाची वहीच पुढे ज्ञानाचा ग्रंथ झाल्याचे एक उदाहरण विज्ञानाच्या इतिहासात आहे. ते दूर कॅनडातले आहे, आणि ज्या व्यापाराचे आहे तो व्यापार श्रावकाला निषिद्ध आहे.

१६७० मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या सनदेने हडसन्स बे कंपनी स्थापन झाली. तिचा मुख्य व्यवहार कातड्यांचा. उत्तरेच्या हिमारण्यात सापळे लावणारे लोक बीव्हर, कोल्हा, लिंक्स यांची केसाळ कातडी कंपनीच्या ठाण्यांवर आणून देत. ठाण्यावरचा कारकून नग मोजून वहीत मांडी आणि हिशेब लंडनला पाठवी. पिढ्यान्‌पिढ्या हे लेखन चालले. त्यात अरण्याविषयी काही लिहावे, असा कोणाचाच हेतू नव्हता.

लिंक्स हे थंड प्रदेशातले, कानांवर केसांचे झुबके असलेले मोठे रानमांजर. मॅकेन्झी नदीच्या प्रदेशातील त्याच्या कातड्यांचे आकडे १८२१ पासून सलग उपलब्ध आहेत. १८२१ मध्ये २६९ नग. १८२८ मध्ये ५,९४३. अवघ्या चार वर्षांनी, १८३२ मध्ये, फक्त ९८. पुन्हा चढ, पुन्हा उतार. १९०४ मध्ये ६,९९१ आणि १९१९ मध्ये ८०. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही आवकेतली तेजी-मंदी. चार्ल्स एल्टन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने मात्र त्यात दुसरे काही पाहिले. १९२५ पासून तो काही वर्षे कंपनीचा सल्लागार होता. मेरी निकोल्सन यांच्यासह त्याने जुने हिशेब लावले आणि १९४२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला : कॅनडातील लिंक्सची संख्या साधारण दर दहा वर्षांनी वाढते आणि कोसळते.

याचे कारण एका सशात आहे. हिवाळ्यात पांढरा होणारा तिथला ससा हे लिंक्सचे मुख्य भक्ष्य. ससे वाढले की लिंक्स वाढतात. मग अन्न अपुरे पडते, भक्षकही फार होतात आणि ससे घटतात. पाठोपाठ लिंक्सही उपाशी मरतात. युकॉन प्रदेशात चार्ल्स क्रेब्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष तपासले. काही क्षेत्रांत सशांना जादा खाद्य दिले, काही ठिकाणी कुंपणाने भूचर भक्षक दूर ठेवले. १९९५ मध्ये त्यांनी नोंदवले की नुसत्या खाद्याने सशांची दाटी तिप्पट झाली, नुसत्या कुंपणाने दुप्पट. दोन्ही एकत्र केल्यावर मात्र ती अकरा पट झाली. दोन कारणे मिळून जो परिणाम घडवतात, तो त्यांच्या बेरजेहून मोठा असतो.

तथापि या आकड्यांनी शास्त्रज्ञांना एकदा चकवलेही आहे. १९७३ मध्ये मायकेल गिल्पिन यांनी सशांचा व लिंक्सचा आलेख शेजारी ठेवून गणित मांडले, तेव्हा उत्तर उलटेच आले. जणू ससेच लिंक्सना खात होते! हे आकडे एकाच रानातले नव्हते; सशांचे एका प्रदेशातले, लिंक्सचे दुसऱ्या. शिवाय वहीत होती ती विकायला आलेली कातडी, रानातले जिवंत प्राणी नव्हेत. नोंद खोटी नव्हती, पण ती एका विशिष्ट अपेक्षेनेच खरी होती. अनेकान्ताच्या अभ्यासकांना हे वेगळे सांगायला नको. आकड्यासोबत त्याचे स्थळ, काळ आणि मोजण्याची रीत लिहिलेली नसेल, तर खरा आकडाही खोटे बोलतो.

येथे मनात एक बोच राहते. श्रावकासाठी वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दन्तवाणिज्य आहे. हस्तिदंत, कातडी, केस अशा प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार त्यात येतो. त्या वह्यांतला प्रत्येक आकडा म्हणजे तितके पंचेंद्रिय जीव. त्यातून ज्ञान निघाले म्हणून ती हिंसा धुऊन निघत नाही. परंतु त्या जीवांची साक्ष उरली, ती केवळ नोंद राहिली म्हणून. वह्या नष्ट झाल्या असत्या, तर जीव गेले ते गेलेच असते आणि त्यांच्याविषयी कोणाला काही कळलेही नसते.

आता आजच्या विज्ञानाचा ताळेबंद पाहू. कॅनडातीलच टिमथी व्हाइन्स व सहकाऱ्यांनी वनस्पती व प्राण्यांची मोजमापे असलेले ५१६ शोधनिबंध निवडले आणि लेखकांकडे मूळ आकडे मागितले. निबंध दोन ते बावीस वर्षांपूर्वीचे होते. लेख एकेका वर्षाने जुना होत जाई, तसतशी मूळ आकडे शिल्लक असण्याची शक्यता सुमारे १७ टक्क्यांनी घटत होती. कुठे लेखकाचा पत्ताच चालेना, कुठे आकडे अशा फ्लॉपीवर होते की ती वाचणारे यंत्र उरले नव्हते. म्हणजे खतावणीचा सारांश छापील उरला, पण रोजकीर्द हरवली. असा हिशेब कोणता मुनीम तपासू शकेल? म्हणूनच २०११ पासून उत्क्रांती व परिस्थितिकी या विषयांच्या काही प्रमुख नियतकालिकांनी नियम केला : निबंध छापायचा असेल, तर मूळ आकडे ‘ड्रायड’सारख्या सार्वजनिक भांडारात ठेवावेत. आपली चूक दुसऱ्याला सापडेल अशी सोय स्वतःच करून ठेवणे, ही एक प्रकारची आलोचनाच आहे.

जपणाऱ्याला पुढचा वाचक कोण, हे ठाऊक नसते. मूडबिद्रीला धवला ग्रंथाची ताडपत्रे शतकानुशतके जपली गेली. ती जपणाऱ्यांना कोठे माहीत होते की १९३९ मध्ये डॉ. हीरालाल जैन यांनी संपादिलेला तिचा पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध होईल? हडसन्स बे कंपनीच्या वह्याही आज कॅनडातील मॅनिटोबाच्या अभिलेखागारात आहेत आणि युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत त्यांना स्थान मिळाले आहे.

आपल्या पेढ्यांवरही माळ्यावर जुन्या वह्या असतात. धान्य, मिरची, गूळ, कापूस यांची आवक कोणत्या तिथीला सुरू झाली, कोणत्या गावाहून माल आला, कोणत्या साली आलाच नाही, हे त्यांत आहे. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत जातात. यंदा तेवढे थांबावे. मोडी किंवा महाजनी अक्षर वाचू शकणारे कोणी वडीलधारे घरात असतील, तर त्यांच्याजवळ बसून वहीवर एक चिठ्ठी लावावी : पेढी कोणाची, गाव कोणते, साल कोणते, माप पायलीचे की मणाचे. मग तिला कोरडी जागा आणि स्वच्छ बासन द्यावे. ज्ञानपंचमीला ग्रंथांसाठी आपण जे करतो, तेच लाभपंचमीला वहीसाठी करायचे आहे. तिथी तर एकच आहे.