बोलकी अक्षरे

अक्षरे वाचायची असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण काही अक्षरे वाचण्यापूर्वीच आपल्याशी बोलू लागतात. भुताखेतांच्या चित्रपटाची जाहिरात आठवा. नावाच्या अक्षरांतून रक्ताचे थेंब गळत असतात. नाव पुरते वाचून होण्याआधीच आपण दचकतो. आइस्क्रीमच्या दुकानाच्या पाटीवर अक्षरांच्या डोक्यावर बर्फ साचलेले असते. ते पाहताच उन्हातही गार वाटते. शब्दाचा अर्थ अक्षरांच्या आकारातून दाखवणे, ही एक कलाच आहे.

उर्दू शिकणाऱ्या मुलांना ही कला परकी नाही. खुशखत लिहिणाऱ्या कातिबांना आपल्याकडे मोठा मान होता. नस्तालीक लिपीतील अक्षरे झोका घेतल्यासारखी खाली उतरतात, तर कुफी लिपीतील अक्षरे विटा रचल्यासारखी ताठ व कोनदार दिसतात. तुगऱ्यामध्ये तर अक्षरे एकमेकांत गुंफून पक्ष्याचा किंवा सिंहाचा आकारही घडवतात.

देवनागरीची गंमत वेगळी आहे. तिच्या अक्षरांवर शिरोरेषा असते. कुशल चित्रकार या रेषेचे घराचे छप्पर करतो, कधी कपडे वाळत घालण्याची दोरी करतो. अनुस्वाराचा टिंब चंद्र होतो, तर वेलांटीची छत्री होते. मात्र हे बदल शब्दाच्या अर्थाला धरून असावे लागतात. 'भिंत' हा शब्द जाड, ठोकळेबाज अक्षरांत शोभतो. 'वारा' या शब्दाला बारीक, तिरपी अक्षरेच हवीत.

मराठीत कमल शेडगे (१९३५–२०२०) या चित्रकारांनी या कलेत मोठे नाव मिळवले. वर्तमानपत्रांत येणाऱ्या नाटकांच्या जाहिरातींसाठी ते नाटकांची नावे हाताने रेखाटत. 'गारंबीचा बापू', 'पुरुष' अशा अनेक नाटकांची नावे त्यांनी घडवली. जाहिरातीची जागा थोडी आणि छपाई एकाच काळ्या रंगाची. तेवढ्यात नाटकाचा स्वभाव दाखवायचा, हे अवघड काम होते. आता संगणकावर तयार अक्षरे मिळतात. तीही कोणीतरी घडवलेलीच असतात. संगणकावरील 'मंगल' ही देवनागरी अक्षरे र. कृ. जोशी या सुलेखनकाराने तयार केली.

भित्तिचित्रात या कलेचा फार उपयोग होतो. रस्त्याने जाणारा माणूस थांबत नाही. दोन-चार क्षणांत त्याला सांगायचे ते सांगून झाले पाहिजे. स्वित्झर्लंडमधील योसेफ म्युलर-ब्रोकमान यांनी १९६० साली 'गोंगाट कमी करा' असे सांगणारे भित्तिचित्र तयार केले. त्यात एक स्त्री त्रासून कानांवर हात दाबून धरते. अक्षरेही तिरकी आहेत. त्यांतील 'गोंगाट' हा शब्द मोठा आणि 'कमी' हा शब्द लहान आहे. जणू तो शब्दच कानाशी ओरडतो!

पण अक्षर कितीही सुंदर असले, तरी ते वाचता आले पाहिजे. रुग्णालयातील किंवा रेल्वेस्थानकावरील पाटीवर नक्षीदार अक्षरे काय कामाची? घाईत असलेल्या माणसाला तेथे साधी, ठळक अक्षरेच हवी असतात.

अक्षरांचा आकार हा कधी कधी जीवनमरणाचा प्रश्न होतो. पूर्वी सिगारेटच्या पाकिटावर कंपनीचे नाव मोठे आणि धोक्याची सूचना मात्र बारीक असे. सूचना होती, पण ती डोळ्यांत भरत नव्हती. २०१६ साली भारतात नवा नियम लागू झाला. त्यानुसार पाकिटाच्या मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग धोक्याच्या सूचनेने व्यापलेला असावा लागतो. त्यात चित्र ६० टक्के आणि मजकूर २५ टक्के जागेत असतो. न वाचू शकणाऱ्या माणसालाही धोका कळावा, म्हणून चित्र.

जाहिरात करणाऱ्यांना अक्षरांची ही ताकद चांगली ठाऊक असते. म्हणून 'मोफत' हा शब्द हातभर असतो आणि 'अटी लागू' हे शब्द मुंगीएवढे! तेव्हा मोठी अक्षरे पाहून जरूर आनंद घ्या. त्यांचा आकार असा का, याचा विचार करा. मात्र पैसे देण्यापूर्वी लहान अक्षरे वाचायला विसरू नका.