एंजिन फिरते, पण पेट घेत नाही

बेंगळुरूच्या पूर्वेस, कोलारकडे जाणाऱ्या जुन्या मद्रास रस्त्यावर होसकोटे हे गाव आहे. कन्नड भाषेत ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे कोट. शहाजीराजांच्या बेंगळुरूच्या जहागिरीत हा मुलूख मोडत असे, ही त्याची मराठी इतिहासातील ओळख. अलीकडच्या काळात गावाचे नाव मोटारींशी जोडले गेले. १९९८ मध्ये येथे व्होल्वो कंपनीचा ट्रकांचा कारखाना सुरू झाला, पुढे बसगाड्याही येथे तयार होऊ लागल्या, आणि मुंबई-पुणे मार्गावरील ‘शिवनेरी’मुळे त्या मराठी प्रवाशांच्या चांगल्याच परिचयाच्या झाल्या. याच रस्त्याने कोलारकडील टोमॅटो व भाजीपाला पहाटेच्या अंधारात बेंगळुरूच्या बाजाराकडे जात असतो.

अशा मालाने भरलेल्या, पेट्रोलवर चालणाऱ्या एका लहान टेम्पोची कल्पना करावी. चालक होसकोट्याजवळ चहासाठी थांबला. पंधरा मिनिटांनी त्याने किल्ली फिरविली. स्टार्टर फिरला, एंजिन घरघरत फिरत राहिले, परंतु पेट घेईना. मिस्त्रीलोकांच्या भाषेत, ‘गाडी सेल्फ घेते, पण चालू होत नाही’. महिन्याभरात असे तिसऱ्यांदा घडत होते. पहिल्या वेळी बॅटरी बदलली, दुसऱ्या वेळी पेट्रोलचा पंप. दोन्ही वस्तू नव्या कोऱ्या आहेत आणि दोष मात्र जागच्या जागी आहे. बाजाराची वेळ टळली तर मालाचा भाव उतरणार. अशा स्थितीत माणूस किल्ली पुनःपुन्हा फिरवीत राहतो, आणि नेमके तेच करू नये. स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह ओढतो. दहा सेकंदांपेक्षा जास्त काळ तो एका दमात चालविला, तर तो तापतो व बॅटरी झपाट्याने उतरते. शिवाय न जळलेले पेट्रोल धुराड्यातील उत्प्रेरकापर्यंत पोहोचून त्यास अपाय करू शकते.

वस्तुतः एंजिनाने बरेच काही सांगितलेले असते. ते जोमाने फिरते, याचा अर्थ बॅटरी, तिच्या जाड तारा व स्टार्टर ही मंडळी आपले काम करीत आहेत. मग बॅटरी बदलण्याचे प्रयोजन काय? येथे एकच अपवाद ध्यानात ठेवावा. एंजिन रडतखडत फिरत असेल, तर बॅटरीचा दाब स्टार्टरच्या ओढीखाली इतका घसरतो की, ठिणगी व इंधन यांचे नियमन करणारा संगणक नीट काम करू शकत नाही. स्वस्थ बॅटरीचा दाब विश्रांतीच्या वेळी सुमारे १२.६ व्होल्ट असतो. स्टार्टर चालू असता तो साडेनऊच्या खाली जाऊ लागला, तर संशय घेण्यास जागा आहे.

स्टार्टर एंजिनास मिनिटास सुमारे दोनशे फेरे देतो. तेथून स्वतःच्या बळावर चालू लागण्यासाठी पेट्रोल एंजिनास तीन गोष्टी लागतात: पुरेशी दाबली गेलेली हवा, तिच्यात योग्य प्रमाणात मिसळलेले इंधन आणि ठिणगी. यांतील प्रत्येक गोष्ट अचूक क्षणी घडावी लागते, ही चौथी अट. आणि आपल्या टेम्पोचे रहस्य पुढे याच अटीत सापडणार आहे.

हवेच्या दाबाची परीक्षा पूर्वी हाताने होत असे. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीवर चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला. त्याआधी, आणि आपल्याकडे त्यानंतरही कित्येक वर्षे, पुढून हँडल मारून गाड्या सुरू केल्या जात. हँडल फिरविणाऱ्याला प्रत्येक दट्ट्या वर येताना होणारा विरोध मनगटात जाणवे. विजेच्या स्टार्टरने हे कष्ट वाचविले, पण ते ज्ञानही नेले. आता त्याची जागा कानाने घ्यावयाची. निरोगी एंजिन फिरताना आवाजात चढउतार असतो, कारण स्टार्टर प्रत्येक दाबाच्या वेळी किंचित अडखळतो. तोच आवाज एकसुरी झाला आणि एंजिन नेहमीपेक्षा हलके व वेगाने फिरू लागले, तर सिलिंडरांत दाबच निर्माण होत नाही. अशा वेळी झडपा उघडमीट करणारा टायमिंगचा पट्टा तुटला असण्याचा संभव फार मोठा. तेव्हा किल्ली लगेच सोडावी. पुष्कळ एंजिनांत अशा स्थितीत दट्ट्ये उघड्या झडपांवर आदळतात.

दाबाचे माप घेणारा मीटर लावला, तर होसकोट्यास आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. हे गाव समुद्रसपाटीपासून जवळजवळ ९०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे एक दशांशाने कमी, आणि म्हणून निर्दोष एंजिनाच्या मीटरवरील आकडाही तितकाच कमी येतो. मुंबईचा आकडा प्रमाण मानणारा मिस्त्री येथे चांगले एंजिन उगाच खोलून बसेल.

इंधनाची परीक्षा किल्ली अर्धी फिरवून होते. पुष्कळ गाड्यांत टाकीतील पंप दोनएक सेकंद गुणगुणतो व थांबतो. आवाज आलाच नाही तर आधी फ्यूज व रिले पाहावा, मग पंपाकडे वळावे. टाकीचा काटा खोटे बोलू शकतो, हेही विसरू नये. उलट, पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि प्लग ओले असतील, तर इंधन येत आहे, पण जळत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलाच्या काळात आणखी एका शक्यतेची भर पडली आहे. इथेनॉल पाणी शोषते. टाकीत पाणी प्रमाणाबाहेर शिरले, तर पाणी व इथेनॉल मिळून तळाशी निराळा थर जमतो, आणि पंप ओढतो तो तळाचाच. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत हा दोष शोधावा.

ठिणगी पाहण्याची जुनी रीत म्हणजे प्लग काढून एंजिनाच्या अंगाला टेकवून धरणे. ती आता सोडून द्यावी. बारा व्होल्टांचे रूपांतर येथे हजारो व्होल्टांत झालेले असते आणि जवळपास पेट्रोलची वाफ असते. यासाठी स्वस्त ठिणगी-परीक्षक मिळतो.

डिझेल एंजिनास ठिणगी नसतेच. त्यात हवा पंधरा ते वीस पट दाबली जाऊन इतकी तापते की डिझेल आपोआप पेटते. तेथे धुराड्याकडे पाहावे. एंजिन फिरत असता पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत जाते आहे, पण पेटत नाही. धूर मुळीच नसेल, तर ते आत जातच नाही. टाकी रिकामी होऊन नळ्यांत हवा शिरली असल्यास ती काढल्याखेरीज डिझेल पुढे सरकत नाही.

आता टेम्पोकडे यावे. आवाजात चढउतार होता, म्हणजे दाब ठीक. अर्धी किल्ली फिरविताच पंप गुणगुणला. परंतु स्टार्टर चालू असता परीक्षकात ठिणगी दिसली नाही, आणि प्लगही कोरडे निघाले. ठिणगी आणि इंधन ही दोन वेगळी कामे एकाच क्षणी बंद पडली, तर दोन स्वतंत्र बिघाड एकदम झाले असे मानण्यापेक्षा दोहोंच्या मुळाशी असलेले समान कारण शोधणे अधिक सयुक्तिक. अशी समान कारणे मोजकीच: संगणकाचा वीजपुरवठा, चोरीप्रतिबंधक यंत्रणा, आणि भुजादंडाची, म्हणजे क्रँकशाफ्टची, स्थिती सांगणारा संवेदक. किल्ली न ओळखल्याचा दिवा लुकलुकत नव्हता. संगणकाशी जोडलेला स्कॅनर बोलत होता, म्हणजे त्यास वीज मिळत होती. मात्र एंजिन डोळ्यांदेखत फिरत असताना स्कॅनर फेऱ्यांची संख्या शून्य दाखवीत होता.

हा संवेदक बोटाएवढा असतो. दट्ट्या कोठे आहे हे तो कळवितो आणि त्यावरून संगणक ठिणगीचा व इंधनाचा क्षण ठरवितो. तो मुका झाला की संगणकाच्या लेखी एंजिन थांबलेलेच असते. म्हणून तो ना ठिणगी देतो, ना इंधन. पहिल्या दोन सेकंदांनंतर पंपही पुढे चालवीत नाही, आणि बिचाऱ्या पंपावर आळ येतो. चहाच्या थांब्याचे कोडेही येथेच उलगडते. गाडी धावत असता वारा व पाणी एंजिनास थंड ठेवतात; ती थांबली की आतील उष्णता बाहेरच्या भागांत पसरते, आणि संवेदकाच्या आतील वेटोळ्यात बारीक तडा असेल तर तो या तापाने रुंदावतो. अर्ध्या तासाने निवल्यावर तो पुन्हा जुळतो व गाडी काहीच न घडल्यासारखी सुरू होते. मागील दोन्ही खेपांस नवी बॅटरी आणि नवा पंप बसेतो एंजिन निवले होते, आणि यश त्या वस्तूंच्या नावावर जमा झाले होते.

यास्तव ही तपासणी एंजिन रुसलेले असतानाच करावयाची. संवेदकावर थंड पाण्यात भिजविलेले फडके काही मिनिटे धरावे. त्यानंतर किल्ली फिरविताच शून्यावर अडकलेला आकडा हलला आणि एंजिनाने पेट घेतला, तर दोषी सापडला. टेम्पोवाल्याने त्यानंतर एंजिन बंद न करता सरळ बेंगळुरूचा बाजार गाठावा आणि माल उतरल्यावर नवा संवेदक बसवून घ्यावा; त्यास पंपाच्या किंमतीचा लहानसा भागच पडतो.