देवगिरीचा डोंगर

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे निघाले, की साधारण १५ किलोमीटरवर एक उभट डोंगर दिसतो. खाली सरळ कातळ आणि वर धान्याची रास घातल्यासारखा निमुळता. तोच देवगिरी. महंमद तुघलकाने १३२७ साली आपली राजधानी इथे आणली आणि दौलताबाद असे नाव ठेवले.

हा डोंगर झाला कसा? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला लाव्हारस बाहेर आला व थरावर थर निवत गेला. त्याचाच हा काळा पाषाण. वेरूळची लेणी ह्याच जातीच्या दगडात कोरलेली आहेत. पुढे ऊनपावसाने भोवतालचा खडक झिजला आणि हा एकटा उरला. पायथ्यापासून उंची अंदाजे २०० मीटर.

पण निम्मे काम माणसाचे बरं का! खालचा उतार छिन्नी-हातोड्याने तासून जवळजवळ ५० मीटरची उभी भिंत केली आहे. मला तर वाटते, तिथे घोरपडसुद्धा चढायची नाही. भोवती कातळातच खोदलेला खंदक. तो ओलांडला की अंधारी लागते, म्हणजे डोंगराच्या पोटातून कोरलेली वाट. भर दुपारी तिथे आपला हात आपल्याला दिसत नाही. वटवाघळांचा वास तर विचारूच नका!

यादव राजा भिल्लम ह्याने ११८७ च्या सुमारास इथे राजधानी वसवली. १२९६ साली रामदेवराव राजा असताना अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला. राजा गडावर गेला. गड पक्का होता, पण धान्य समजून वर नेलेल्या पोत्यांत मीठ निघाले, अशी गोष्ट सांगतात. राजाला तह करावा लागला. मी ही गोष्ट आजीला सांगितली, तर ती म्हणाली, "मंग पोतं आधी सोडून बघायचं ना बाबा!"

१६३३ साली शाहजहानच्या फौजेने वेढा घातला, तेव्हाही गडावर उपासमार झाली आणि किल्ला गेला.

सहलीला गेलात तर वर बारादरीपाशी उभे राहून खाली बघा. सगळी शेते पायथ्याला आहेत. शत्रू येऊ नये म्हणून केलेली ती एकच अंधारी वाट, आणि खायचे धान्यही तिथूनच डोक्यावर वर न्यायचे.