समुपदेशक निवडताना

सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत मराठी बोली सहज कानी पडते. नंदुरबार, धुळे, जळगाव या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे भुसावळ-सुरत लोहमार्गाने येथे आली आणि यंत्रमागांवर व कापड रंगाईच्या कारखान्यांत स्थिरावली. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालविते. गावाकडील आईवडिलांचे लक्ष मात्र सुरतेकडे लागलेले असते, आणि तेथून येणारी वार्ता नेहमीच सुखाची नसते.

अशाच एका घराची कल्पना करू. बारा तासांच्या पाळीवर जाणाऱ्या तरुणाची झोप उडते, कामात मन लागत नाही, छातीत धडधडते. आधी भगत, मग गल्लीतील डॉक्टर, अखेर मोठे रुग्णालय. औषधाने झोप येऊ लागते व त्याला समुपदेशनासाठी पाठविण्यात येते. पहिल्या भेटीनंतर घरी येऊन तो म्हणतो, “साहेब नुसते ऐकत बसले, सांगितले काहीच नाही.” दुसऱ्या भेटीस तो जात नाही. पुढे औषधही सुटते, आणि आपल्या दुखण्यावर उपायच नाही अशी घरातल्या सर्वांची समजूत होऊन बसते.

या प्रसंगात समुपदेशकाचे चुकले असे म्हणता येणार नाही, आणि तरुणाचेही नाही. समुपदेशनाच्या पद्धती अनेक आहेत, ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती.

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीत तज्ज्ञ सल्ला देण्याचे कटाक्षाने टाळतो. तो आस्थेने ऐकतो आणि माणसाला स्वतःचा मार्ग स्वतः शोधू देतो. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास याच्या जवळजवळ उलट रीत मांडली. “मला अपयश येताच कामा नये” यासारख्या हट्टी विचारांतून दुःख वाढते असे मानून तज्ज्ञ त्या विचारांशी सरळ वाद घालतो व घरी करावयाचा अभ्यासही देतो. कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे ही पद्धती विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने मराठी वाचकांच्या परिचयाची झाली. फ्रॉइडच्या परंपरेतील तज्ज्ञ बालपणापर्यंत मागे जातात; त्यास वेळ फार लागतो. आपल्याकडे कुटुंबाला सोबत घेण्याची रीतही जुनी आहे. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले व उपचारांत सहभागी करून घेतले.

1965 साली प्रदर्शित झालेल्या एका अमेरिकन बोधपटात एकच स्त्री रॉजर्स, एलिस आणि फ्रिट्झ पर्ल्स या तिघांशी पाळीपाळीने बोलताना दिसते. एक शांतपणे ऐकतो, दुसरा तर्काने समजावतो, तिसरा तिला चक्क डिवचतो. स्त्री तीच, तिची चिंताही तीच. पण तीन भेटी तीन तऱ्हांच्या होतात.

मग आपणास कोण मानवेल हे कसे ओळखावे? एडवर्ड बॉर्डिन यांनी 1979 मध्ये या नात्याचे तीन धागे सांगितले: काय साधावयाचे यावर एकमत, त्यासाठी काय करावयाचे यावर एकमत, आणि परस्परांविषयी विश्वास. म्हणून पहिल्याच भेटीत निःसंकोच विचारावे, “आपण माझ्याशी कसे काम करणार? साधारण किती भेटी लागतील? मी काय करावयाचे?” साहेबांना प्रश्न कसे विचारावेत, असा संकोच आपल्याकडे फार आहे. प्रस्तुत लेखकासही तो आहे. परंतु चांगल्या समुपदेशकास असे प्रश्न विचारल्याचा राग येत नाही.

शिक्षणही विचारावे. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर असून औषध देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक ही पाटी मात्र निरनिराळ्या शिक्षणाची माणसे लावतात. भाषेची गोष्टही लहान नाही. मनातील सल अहिराणीत किंवा मराठीत जसा सांगता येतो, तसा तो परक्या भाषेत सांगता येईलच असे नाही. आपली भाषा जाणणारा तज्ज्ञ मागणे यात गैर काही नाही. सांगितलेली गोष्ट गुप्त राखली जाण्याचा हक्क तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिलेला आहे.

पहिल्या भेटीत अवघडल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून निर्णय घेऊ नये. तीन-चार भेटींनंतरही आपले म्हणणे पोहोचत नाही असे वाटले, तर ते त्या तज्ज्ञालाच सांगावे. पुष्कळदा तो आपली रीत बदलतो किंवा योग्य व्यक्तीचे नाव सुचवितो. समुपदेशक बदलला तरी चालू औषध डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नये, आणि जुने कागद नव्या तज्ज्ञाकडे न्यावेत. पण जो समुपदेशक अपमान करतो, गुप्तता मोडतो किंवा अयोग्य सलगी करतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊच नये.

सुरतेत न्यू सिव्हिल रुग्णालयात मनोविकार विभाग आहे; गावाकडे जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक 14416 असून तो विनामूल्य आहे, अहोरात्र चालतो आणि तेथे मराठीतही बोलता येते. कोणी जीव देण्याची भाषा करू लागल्यास मात्र पद्धतीचा विचार करीत बसू नये. त्या व्यक्तीस एकटे न सोडता तत्काळ रुग्णालयात न्यावे.