अद्भुतकथाकाराचा दिनक्रम

अद्भुताची कादंबरी लिहिणारा मनुष्य स्वतः कसा जगत असेल, याविषयी आपल्या समाजात एक ठरीव चित्र रूढ आहे. तो रात्री जागतो, दिवसा भटकतो, व्यवहाराचे त्याला भान नसते आणि प्रतिभेचा झटका आला म्हणजे एका बैठकीत शे-दीडशे पाने लिहून मोकळा होतो, असे विद्यार्थ्यांना वाटते. आणि प्रांजळपणे सांगावयाचे तर पुष्कळशा शिक्षकांनाही वाटते. कथेतील राक्षस, मायावी महाल आणि नकाशावर नसलेली राज्ये पाहून त्यांचा कर्ताही तसाच चमत्कारिक असला पाहिजे, असे अनुमान आपण सहज काढतो. हे अनुमान चुकीचे आहे, एवढेच नव्हे तर अध्यापनाच्या दृष्टीने ते अपायकारकही आहे, असे आमचे मत आहे. या लेखकांपैकी ज्यांच्या जीवनाविषयी निश्चित माहिती उपलब्ध आहे, त्यांचे दिवस कारकुनाच्या किंवा शाळामास्तराच्या दिवसाहून फारसे वेगळे नव्हते. किंबहुना त्या सामान्य दिवसातच त्यांच्या अद्भुताचे मूळ सापडते.

मराठी कादंबरीच्या आरंभीच हा प्रश्न उभा राहिला होता. १८३१ साली बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिले आणि हिंदू विधवांच्या दुःस्थितीचे प्रत्यक्ष दर्शन घडविले. परंतु अवघ्या चार वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मण मोरेश्वर शास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' निघाली. त्याच दशकात रिसबुडांची 'मंजुघोषा' आली, आणि वाचकवर्ग वास्तवाकडे पाठ फिरवून अद्भुताच्या मागे गेला. आमच्या बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे, म्हणजे या सर्व कादंबऱ्यांहून वयाने वडील. 'मुक्तामाला' जन्मली तेव्हा वाचणाऱ्यांची घडी येथे आधीच बसलेली होती, ही गोष्ट आम्हांस नेहमी सुखावते. पुढे १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल' व नाटक यांवर निबंध लिहून या कादंबऱ्यांची परखड झडती घेतली. १९०२ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी कादंबरीवर लिहिताना अद्भुत व वास्तव यांचा विचार केला. ही सर्व चर्चा तयार मालाची झाली. तो माल घडविणारा हात दिवसाकाठी किती तास चालत होता, पोट कशावर भरत होता, याची विचारपूस कोणी केली नाही. आमच्या साहित्यसंस्थांच्या व्यासपीठांवरही ती क्वचितच होते.

नाथमाधव यांचे उदाहरण प्रथम घेऊ. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचे नाव. जन्म १८८२ चा. १९०५ मध्ये सिंहगडावर ते कड्यावरून कोसळले आणि त्यांचे पाय कायमचे लुळे झाले. वय तेवीस. यानंतर तीन वर्षांनी, १९०८ मध्ये, 'प्रेमवेधा' प्रसिद्ध झाली. १९१३ मध्ये 'वीरधवल' आली, जिने मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना झपाटून टाकले. १९२८ साली मृत्यू येईपर्यंत त्यांची लेखणी थांबली नाही. सामाजिक, अद्भुतरम्य आणि ऐतिहासिक अशा तिन्ही प्रकारांत त्यांनी लिहिले; स्वराज्यमाला तर अनेक भागांची.

ज्याचे पाय गेले त्याने आपल्या नायकांना घोड्यांवर बसविले, आणि कड्यावरून पडलेल्याने कडे-कपारींची साहसे रंगविली, असे म्हणून टाळ्या मिळविणे सोपे आहे. आम्हांस हे स्पष्टीकरण पुरेसे वाटत नाही. अपघाताने जायबंदी झालेली माणसे पुष्कळ असतात. त्यांतील कितीजण 'वीरधवल' लिहितात? वेदनेने विषय पुरविला असेल, पण पाने वेदनेने भरत नाहीत. ज्याला उठून कोठे जाता येत नाही, त्याच्यापुढे दिवस उभाच्या उभा असतो आणि तो भरून काढणे हेच काम होऊन बसते. अनेक मनुष्यांना तो दिवस गिळून टाकतो. नाथमाधवांनी त्याचा कारखाना केला. वीस वर्षांत त्यांच्या हातून जे लेखन झाले, ते रोज ठरावीक वेळ बसल्यावाचून केवळ संख्येच्या दृष्टीनेही शक्य नव्हते.

आता आमच्या प्रदेशाकडे वळू. चिकोडी तालुक्यातील एकसंबे हे गाव निपाणीपासून फार दूर नाही. १९२३ साली तेथे जन्मलेले, बेळगावात वाढलेले आणि शिकलेले जी. ए. कुलकर्णी यांनी कादंबरी लिहिली नाही हे खरे. परंतु १९७५ च्या 'रमलखुणा' मधील 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथांचा विस्तार आणि त्यांतील स्वतंत्र विश्वाची उभारणी पाहिली म्हणजे त्यांना अद्भुत-कादंबरीच्या पंक्तीस बसविण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. ही विश्वे कोणत्याही नकाशावर नाहीत. त्यांचा निर्माता मात्र धारवाडातील एका महाविद्यालयात सुमारे तीस वर्षे इंग्रजीचा प्राध्यापक होता. तास घ्यावयाचे, उत्तरपत्रिका तपासावयाच्या, निकाल लावावयाचे, हा प्राध्यापकाचा वार्षिक रहाटगाडा. घरी मावसबहिणींचा संसार सांभाळावयाचा, स्वतः अविवाहित. क्लबात पत्ते, कधी हाती रंग आणि कुंचला. सभा-संमेलने वर्ज्य, छायाचित्राचा कंटाळा, डोळ्यांवर काळा चष्मा. याच गृहस्थाने 'काजळमाया' लिहिली, तिला १९७३ चे साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि ते त्याने परत केले.

जी. एं. च्या एकांताविषयी पुष्कळ काव्यमय बोलले जाते. आमचे लक्ष त्याहून रुक्ष गोष्टीकडे आहे. धारवाड हे कानडी विद्येचे माहेरघर. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ते बेळगावाप्रमाणेच मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ पासून दोन्ही जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. जी. एं. ची बहुतेक सर्व पुस्तके या तारखेनंतरची. 'निळासावळा' १९५९ चे, 'पारवा' १९६० चे, 'हिरवे रावे' १९६२ चे. म्हणजे ज्या भाषेत ते लिहीत होते तिची मासिके, प्रकाशक आणि बहुसंख्य वाचक राज्याच्या सीमेपलीकडे, मुंबई-पुण्यास. त्यांचे हस्तलिखित टपालाने जाई, संपादकाचे मत टपालाने येई. आजूबाजूच्या रस्त्यावर, बाजारात एक भाषा, टेबलावर दुसरी, वर्गात शिकवावयाची तिसरी. अशा माणसाला साहित्यिक वर्तुळ म्हणून जे काही लाभले ते टपालवाल्याच्या पिशवीतून. त्याने पत्रे किती लिहिली? निवडक म्हणून जी प्रसिद्ध झाली तीच चार खंड भरली. श्री. पु. भागवत, सुनीता देशपांडे, म. वा. धोंड, ग्रेस अशी मंडळी त्यांच्या पत्रव्यवहारात होती. हे चार खंड म्हणजे जी. एं. च्या दिनक्रमाचा एक मोठा भाग आहे, हे आपण विसरतो आणि त्यांना जगापासून तुटलेला विरक्त ठरवितो. सीमाभागात राहून मराठीत लिहिणाऱ्याला पत्र ही चैन नव्हती. साहित्यजगताशी असलेला तो बहुधा एकुलता एक रस्ता होता.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा उल्लेख वर आला. त्यावरून इंग्लंडातील एका प्राध्यापकाची हकीकत सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही; शिक्षकबंधूंना ती विशेष जवळची वाटेल. जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) हे ऑक्सफर्डला प्राचीन इंग्रजी शिकवीत. चार मुलांचा संसार; पगार पुरेना म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत ते शालेय परीक्षेच्या उत्तरपत्रिका पैसे घेऊन तपासत. असाच एक गठ्ठा तपासताना कोणा परीक्षार्थ्याने कोरे सोडलेले पान समोर आले, आणि त्यावर त्यांनी एका विवरवासी ठेंगू प्राण्याविषयी एक वाक्य खरडले. त्या वाक्यातून 'द हॉबिट' (१९३७) ही कादंबरी उद्भवली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी पुढची कथा आरंभिली. ती पुरी होण्यास जवळजवळ बारा वर्षे लागली आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या नावाने ती १९५४–५५ मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाली. मध्ये महायुद्ध. दिवसा अध्यापन, काही रात्री हवाई हल्ल्याच्या पहाऱ्यावर, कागदाचा दुष्काळ. म्हणून जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर लेखन. पुस्तक तोट्यात जाईल अशी प्रकाशकाला इतकी खात्री होती की त्याने नेहमीच्या पद्धतीने मानधन न देता, नफा झालाच तर निम्मा, असा करार केला.

त्यांच्या कामाची रीत पाहण्यासारखी आहे. नकाशा आधी, कथा मागाहून, असा त्यांचा दंडक होता. कारण कथा आधी लिहून मग नकाशा काढू गेल्यास अंतरे जुळत नाहीत. पात्रांच्या वाटा फुटल्यानंतर कोणत्या तिथीस कोण कोठे आहे याचे त्यांनी कोष्टक ठेवले होते. एकाच रात्री दोन ठिकाणी दिसणारा चंद्र एकाच कलेचा असला पाहिजे, याची ते काळजी घेत. आमच्या कार्यालयातील हजेरीपटाची आठवण व्हावी असा हा प्रकार!

अद्भुतकथाकाराच्या श्रमाचे मर्म येथेच आहे. वास्तववादी लेखकाला जग आयते मिळते. निपाणीचे महादेव मोरे यांचे उदाहरण घ्या. ते २०२४ मध्ये निवर्तले. पिठाची गिरणी चालवून त्यांनी विडी कामगारांच्या, मोटार-चालकांच्या, गॅरेजातील माणसांच्या कथा लिहिल्या. त्यांच्या कथेत निपाणीचा आठवडी बाजार आला, तर तो कोणत्या वारी भरतो हे त्यांना ठरवावे लागत नव्हते. तो भरतच होता. तंबाखूच्या वखारीचा वास शोधावा लागत नव्हता. गिरणीच्या दारातून तो आत येत होता. त्यांचे श्रम निराळे होते. डोळे उघडे ठेवणे आणि पीठ झटकून रात्री लिहावयास बसणे, हे ते श्रम. ते आम्ही कमी लेखीत नाही. परंतु अद्भुतकथाकाराला बाजाराचा वार, नाण्याचे वजन, नदीची दिशा, राजाच्या वंशाची नावे, सारेच स्वतः ठरवावे लागते. आणि एकदा ठरविल्यावर चारशे पानांपर्यंत ते लक्षात ठेवावे लागते. तेथे एक चूक झाली की वाचकाचा विश्वास उडतो. राक्षसाला दहा तोंडे आहेत यावर वाचक विनातक्रार विश्वास ठेवतो. पुढच्या प्रकरणात ती नऊ झाली की तो पुस्तक मिटतो. एवढा हिशेब झटक्यात होत नाही. तो रोजच्या रोज, वहीत मांडूनच होतो.

पैशाचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही, जरी साहित्यचर्चेत तो अशिष्ट मानला जातो. केवळ अद्भुतावर मराठीत घर चालविणे अवघड आहे आणि होते. नारायण धारप (१९२५–२००८) हे तंत्रज्ञान शाखेचे पदवीधर. भय, गूढ आणि विज्ञानाद्भुत या प्रकारांत त्यांनी शंभरांहून अधिक पुस्तके लिहिली. गावोगावच्या फिरत्या वाचनालयांत त्यांच्या पुस्तकांची पाने हाताळून मऊ पडत, मलपृष्ठे निखळत; तरी विद्वत्सभांच्या टिपणांत त्यांचे नाव अभावानेच येई. या उपेक्षेचे कारण आमच्या मते असे की, जो सातत्याने लिहितो तो यांत्रिक आणि जो क्वचित लिहितो तो प्रतिभावंत, अशी आपली एक आवडती वाटणी आहे. धारपांची सर्वच पुस्तके सारख्या योग्यतेची आहेत असे आम्ही म्हणणार नाही. कित्येक उतावळी आहेत. पण जो दिनक्रम नाथमाधवांच्या ठिकाणी आपण गौरवितो, तोच धारपांच्या ठिकाणी दोष कसा ठरावा?

हे सारे शिक्षकांपुढे मांडण्याचे कारण आमच्या वर्गांत आहे. सीमाभागातील मराठी शाळेतला मुलगा मराठी, कानडी आणि इंग्रजी अशा तीन भाषांचे ओझे घेऊन चालतो. त्याच्या निबंधाच्या वहीत कधी उडते घोडे किंवा पाताळातले शहर आले की आपली लाल पेन्सिल समासात 'असंभाव्य' असा शेरा मारते आणि दोन गुण कापते. असंभाव्यता हा या प्रकारचा दोष नव्हेच. ती त्याची पहिली अट आहे. दोष असेल तर विसंगतीचा, हिशेब न ठेवण्याचा. म्हणून आम्ही काही वर्षांपासून असा शेरा बंद करून त्याजागी प्रश्न लिहिण्याची पद्धत आमच्या शाळेत घातली आहे.

एका विद्यार्थ्याने हिडकल धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावाविषयी लिहिले होते. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे हुन्नूरचे विठ्ठलमंदिर वर येते, हे या भागात सर्वांना ठाऊक आहे. त्याने त्यावरून कल्पना लढवून बुडालेल्या गावात अद्याप बाजार भरतो असे रंगविले होते. आमच्या सहकारी शिक्षकांनी समासात तीनच प्रश्न लिहिले : बाजार कोणत्या दिवशी भरतो? तेथे नाणे कोणते चालते? पाणी ओसरते तेव्हा बाजारकरी कोठे जातात? आठवड्याने वही परत आली. नाण्याविषयी त्याने काही ठरविले नव्हते. उन्हाळ्यात बाजारकरी देवळाच्या गाभाऱ्यात दाटीवाटीने उभे राहतात, म्हणून त्या दिवसांत मूर्तीला घाम फुटतो, असे लिहिले होते. आणि बाजार अमावास्येलाच भरतो, त्याला कारणही दिले होते : इतर रात्री वर मासेमारांच्या होड्या असतात, त्यांच्या कंदिलांचा उजेड खाली पोचतो आणि गिऱ्हाइके बुजतात.